घर परक्याचे, शिवार गावचे

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले जुने लोक सांगून गेले. नवे घर बांधणे जड, पण जुने पडके घर उभे करणे त्याहून जड. त्यातून ते घर परक्या मुलखात, तिथली भाषा येत नाही, कायदा ठाऊक नाही, मग तर बोलायलाच नको. तरीसुद्धा गेली पन्नास-साठ वर्षे इंग्लंड, जर्मनी, हॉलंड, अमेरिका अशा देशांतली माणसे इटलीत जातात, डोंगरउतारावरची पडायला आलेली शेतघरे विकत घेतात आणि पुन्हा राहण्याजोगी करतात. टस्कनी, उंब्रिया, मार्के, पिएमाँते, पुलिया, सिसिली असे सगळीकडे हे चालू आहे.

कुणी म्हणेल, "साहेब, इथे आमचे बांधाचे भांडण मिटेना आणि तुम्ही इटलीचे काय घेऊन बसलात?" सांगण्यासारखे आहे म्हणून सांगतो. ही घरे सरदार-जहागीरदारांचे वाडे नव्हेत. यातली बरीचशी अर्धेलीने शेती कसणाऱ्या कुळांची घरे आहेत. कूळ शहराकडे गेले, घर ओस पडले आणि पैसेवाला परका आला. ही गोष्ट आपल्या शेतकऱ्याला अनोळखी वाटायची नाही. पण बाहेरचा माणूस आला तरी गावाच्या हाती काय राहिले पाहिजे, याचे काही नियम तिथे ठरलेले आहेत. ते नियम कळले पाहिजेत. त्याचबरोबर दगडमातीच्या जुन्या घराची दुरुस्ती कशी करावी आणि कशी करू नये, हेही तिथल्या अनुभवातून शिकता येते.

घरे ओस का पडली

मध्य इटलीत शेकडो वर्षे 'मेद्झाद्रीया' नावाची पद्धत होती. मालकाने जमीन आणि घर द्यायचे, कुळाने कुटुंबानिशी राबायचे आणि उत्पन्न निम्मे-निम्मे वाटायचे. द्राक्षवेली, ऑलिव्हची झाडे, गहू, चार-दोन जनावरे असे मिश्र शिवार असे. कुळाचे घर गावात नसून शेतातच असे. त्याला 'कासा कोलोनिका' म्हणतात. खाली गोठा, वर माणसे. थंडीत खालच्या बैलांची ऊब वरच्या खोल्यांना मिळे. बाहेरून दगडी जिना, अंगणात पावाची भट्टी, कुठे कबुतरांसाठी मनोरा. जाड दगडी भिंती, चेस्टनटच्या लाकडाच्या तुळया, त्यावर भाजक्या विटांच्या पातळ लाद्या आणि सगळ्यात वर आपल्या नळीच्या कौलांसारखी अर्धगोल कौले.

दुसरे महायुद्ध संपले, कारखाने वाढले आणि १९५० ते १९७० या काळात तरुण माणसे शेत सोडून शहराकडे निघून गेली. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार करण्यास बंदी आली. पुढे १९८२ च्या कायद्याने उरलेले करार खंडाच्या करारात बदलण्याची वाट केली. तोवर पुष्कळ घरांची कवाडे बंद झाली होती. रिकाम्या घराचे मरण एका कौलापासून सुरू होते. कौल सरकले की पाणी तुळईच्या टोकात मुरते, तुळई कुजली की छप्पर बसते आणि छप्पर गेले की चार-सहा हिवाळ्यांत भिंतीही पोट काढतात.

या मुलखाशी महाराष्ट्राचे नाते अगदीच नाही असे नाही. १० जुलै १९४४ रोजी उंब्रियात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. ते माणगाव तालुक्यातल्या शेतकरी मुलखातले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये त्या खोऱ्यातल्या मोंतोने गावात त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाचे स्मारक उभे राहिले. ज्या टेकड्यांवर आपल्या पोरांनी रक्त सांडले, त्याच भागातली शेतघरे आज परदेशी लोक विकत घेत आहेत.

परके आले ते आधी स्वस्ताईमुळे. टस्कनीतल्या किआंती भागात इंग्रजांनी इतकी घरे घेतली, की लोक चेष्टेने त्या भागाला 'किआंतीशायर' म्हणू लागले. फ्रान्सिस मेज या अमेरिकन लेखिकेने १९९० मध्ये कोर्तोना गावाजवळ जुने घर घेतले. त्या घराच्या दुरुस्तीवरचे तिचे पुस्तक १९९६ मध्ये आले, २००३ मध्ये त्यावर चित्रपट निघाला आणि हौशी लोकांची संख्या आणखी वाढली. अलीकडे सिसिलीतल्या आणि इतर भागांतल्या काही गावांनी पडकी घरे नुसत्या १ युरोला देऊ केली. सिसिलीतल्या सांबुका गावाचे नाव २०१९ मध्ये याच कारणाने जगभर झाले. पण १ युरो ही नावाची किंमत. ठरल्या मुदतीत, बहुतेक ठिकाणी ३ वर्षांत, दुरुस्ती पुरी करण्याची हमी द्यावी लागते आणि अनामत ठेवावी लागते. घर फुकट आणि खर्च घोड्याएवढा, अशातली गत.

कागद आधी, दगड नंतर

इटलीत घर घेण्याची पहिली पायरी म्हणजे १६ अक्षर-अंकांचा कर क्रमांक. तो नसेल तर साठेखतही होत नाही, बँकेचे खातेही निघत नाही. दुसरा प्रश्न, परक्याला घर घेता येते का? युरोपीय संघाचा नागरिक असेल तर अडचण नाही. कायदेशीर निवास परवाना असेल तरीही नाही. बाकीच्यांना परतफेडीचा न्याय लागू होतो. म्हणजे इटलीच्या माणसाला तुमच्या देशात घर घेता येत असेल, तर तुम्हाला तिथे घेता येते. आपल्याकडे परदेशात राहणाऱ्या परदेशी नागरिकाला सहसा स्थावर घेता येत नाही. इतकेच काय, अनिवासी भारतीयालाही इथली शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आले तर गोष्ट वेगळी. म्हणून तिकडे घर घेऊ पाहणाऱ्या मराठी माणसाने हा मुद्दा आधी वकिलाकडून नीट समजून घ्यावा, मग विमानाचे तिकीट काढावे.

सौदा ठरला की साठेखत होते आणि विसार दिला जातो. घेणारा फिरला तर विसार बुडतो. विकणारा फिरला तर त्याला दुप्पट परत करावी लागते. हे दिवाणी कायद्यातच लिहिलेले आहे. खरेदीखत 'नोतायो' करतो. हा नोतायो म्हणजे आपल्या कोर्टाच्या आवारात शिक्का मारणारा नोटरी नव्हे. तो सरकारने नेमलेला कायद्याचा जाणकार असतो. मागची निदान २० वर्षांची मालकी आणि बोजा तो तपासतो, सरकारचा कर वसूल करून भरतो. घेणाऱ्याला इटालियन येत नसेल, तर त्याला खताचा मजकूर त्याच्या भाषेत कळेल अशी व्यवस्था झाल्याशिवाय खत होत नाही. परंतु नोतायो घर बघायला शेतावर जात नाही. भिंत नकाशात आहे तिथेच आहे का, हे त्याचे काम नव्हे.

ते काम 'जेओमेत्रा'चे. आपला भूमापक आणि ओव्हरसिअर एकत्र केला, की जेओमेत्रा होतो. घेणाऱ्याने स्वतःचा वेगळा जेओमेत्रा लावावा, विकणाऱ्याच्या माणसावर विसंबू नये, असे जाणकार सांगतात. कारण भूमापन दप्तरातला नकाशा, नगरपालिकेकडचा मंजूर आराखडा आणि जागेवरचे बांधकाम या तीन गोष्टी पुष्कळदा तीन तऱ्हेच्या असतात. आजोबांनी गोठ्याला पडवी काढली, बापाने पडवीची खोली केली, नातवाने खोलीला न्हाणीघर जोडले आणि कागदावर मात अजून गोठाच! २०१० च्या कायद्यानंतर भूमापन दप्तरातील नकाशा आणि प्रत्यक्ष घर जुळत असल्याचे खतातच नमूद करावे लागते. तरी ते दप्तर मुख्यतः कराचे आहे. तिथे नाव आहे म्हणून मालकी पक्की झाली असे नव्हे. आपल्या सातबाऱ्याबद्दल हेच सांगून सांगून तलाठी दमले आहेत.

बेकायदा बांधकामाला दंड भरून माफी देण्याच्या योजना इटलीत १९८५, १९९४ आणि २००३ अशा तीनदा आल्या. २०२४ मध्ये किरकोळ तफावती नियमित करण्यासाठी आणखी एक कायदा झाला. अर्ज केला होता, पण निकाल लागलाच नाही, अशी घरेही बाजारात येतात. असे घर घेणारा त्या घराबरोबर जुने दुखणेही विकत घेतो.

वारसांचा गुंता तर आपल्याइतकाच. बाप गेला, पाच मुले. दोन अर्जेंटिनात, एक अमेरिकेत, एकाचा पत्ता नाही. घर सामाईक. एकाची सही राहिली तरी सगळे घर हाती येत नाही. तिथे २० वर्षे उघड आणि अखंड वहिवाट असेल तर कोर्टात जाऊन वहिवाटीने मालकी मागता येते. खाजगी मालमत्तेसाठी आपल्याकडे ती मुदत १२ वर्षांची आहे. म्हणजे बंद घराच्या अंगणात शेजारी वीस वर्षे भाजी करत असेल, तर ते अंगण नेमके कुणाचे, हे विकत घेण्याआधीच पाहिले पाहिजे. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, हा न्याय कागदाला जेवढा लागू पडतो तेवढा कशालाच नाही.

शेजाऱ्याचा पहिला हक्क

आता शेतकऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. घराबरोबर शेतजमीन विकली जात असेल, तर इटलीत ती आधी कसणाऱ्याला विचारावी लागते. १९६५ च्या कायद्याने जमीन कसणाऱ्या कुळाला हा हक्क मिळाला. कूळ नसेल तर बांधाला बांध लागून असलेल्या, स्वतः जमीन कसणाऱ्या मालकाला तो १९७१ च्या कायद्याने मिळाला. सौदा ठरला, की विकणाऱ्याने साठेखताच्या प्रतीसह रजिस्टर पत्राने त्याला कळवायचे. त्याने ३० दिवसांत हो किंवा नाही सांगायचे. हो म्हणाला तर त्याच किमतीला जमीन त्याची. फुकट नाही, स्वस्तातही नाही. जो भाव परक्याने कबूल केला तोच भाव, पण मान पहिला.

समजा कळवलेच नाही, तर? मग खताची नोंद झाल्यापासून एक वर्षाच्या आत तो शेजारी ती जमीन परक्याकडून सोडवून घेऊ शकतो. तीही खतात लिहिलेल्या किमतीला. इथेच कागदावर कमी किंमत दाखवणाऱ्यांची खोड जिरते. कर वाचवावा म्हणून लाखाचे पन्नास हजार दाखवले आणि शेजाऱ्याने हक्क बजावला, की उरलेले पन्नास हजार कुणाकडे मागायचे? म्हणून शहाणा परदेशी माणूस घर बघितल्यावर आधी शेजारी कोण आहे, तो शेती करतो का, हे विचारतो. 'हक्क सोडला' असे त्याच्याकडून लिहून आल्यावरच पुढची रक्कम देतो.

करातही शेतकऱ्याची बाजू धरलेली आहे. बिगरशेतकऱ्याने शेतजमीन घेतली तर नोंदणी कर १५ टक्के पडतो. घरासाठी, तिथेच कायम राहायला येणार असेल तर २ टक्के आणि दुसरे घर म्हणून घेतले तर ९ टक्के. पहिली सवलत हवी असेल तर १८ महिन्यांत त्या नगरपालिकेच्या हद्दीत रहिवासी म्हणून नाव लावावे लागते. सुट्टीत येऊन जाणाऱ्याला ती मिळत नाही. राहत्या साध्या घराला माफ असलेली वार्षिक घरपट्टीही त्याला भरावी लागते.

आपल्याकडे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हे खरे. पण सातबारा असलेला शहरी माणूस दुसऱ्या तालुक्यात येऊन माळ विकत घेतो, तेव्हा बांधालगतच्या शेतकऱ्याला ते समजते तारेचे कुंपण पडल्यावर. तेव्हा बैल गेला अन् झोपा केला. सहहिस्सेदार वारसाला आधी विचारण्याची तरतूद आपल्या वारसा कायद्यात आहे, पण कसणाऱ्या शेजाऱ्यासाठी इटलीसारखी ३० दिवसांची नोटीस नाही. ती असावी की नसावी, यावर ग्रामसभेत आणि शेतकरी संघटनांत निदान चर्चा तरी व्हावी.

भिंत, छप्पर आणि भूकंप

कागद झाले, आता दगड. जुन्या दगडी घराची दुरुस्ती वरून खाली करायची असते. आधी छप्पर, मग भिंती, मग फरशी. आतला रंग आणि मोरी शेवटी. हौशी माणूस उलट करतो. स्वयंपाकघराचे कप्पे आधी निवडतो आणि वरून पाणी गळते.

इटलीचा मधला कणा भूकंपाचा आहे. २६ सप्टेंबर १९९७ ला उंब्रिया-मार्के, ६ एप्रिल २००९ ला लाक्विला, २४ ऑगस्ट २०१६ ला अमात्रिचे आणि ३० ऑक्टोबर २०१६ ला नॉर्चा, असे धक्के बसले. लाक्विलात ३०० हून अधिक माणसे गेली, अमात्रिचेच्या धक्क्यात सुमारे ३००. सबंध देशाचे १ ते ४ अशा भूकंप पट्ट्यांत वर्गीकरण केलेले आहे आणि घराच्या मूळ सांगाड्याला हात लावायचा तर भूकंपाचा हिशेब करून आराखडा सरकारी कचेरीत दाखल करावा लागतो.

१९९७ च्या भूकंपाने एक मोठा धडा दिला. उंब्रियाच्या डोंगरी गावांत त्याआधी पुष्कळ घरांची 'पक्की' दुरुस्ती झाली होती. लाकडी तुळया काढून सिमेंट काँक्रीटचे जड छप्पर टाकले होते. खालच्या भिंती मात्र त्याच, दोन बाजूंना दगड आणि मध्ये रोडा-माती भरलेल्या. धक्का बसला तेव्हा वरचे जड छप्पर हलले आणि त्याने भिंतीच बाहेर ढकलल्या. दिसायला मजबूत केलेली घरे त्यामुळेच जास्त पडली.

हे वाचून किल्लारी आठवल्याशिवाय राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत हजारो माणसे गेली, ती याच कारणाने. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना न बांधलेला, आणि डोक्यावर मातीच्या धाब्याचे प्रचंड ओझे. भिंतीची जाडी म्हणजे मजबुती नव्हे, हा धडा आपल्याला तेव्हाच मिळाला होता.

इटलीतले चांगले कारागीर आता काय करतात? छपराचे वजन वाढू देत नाहीत, लाकूड बदलून लाकूडच घालतात. भिंतीच्या माथ्यावर सगळीकडून बांधणारा पट्टा देतात. समोरासमोरच्या भिंती लोखंडी सळईने एकमेकींना बांधतात आणि सळईच्या टोकाला बाहेरून लोखंडी पट्टी किंवा चकती लावून आवळतात. या सळया तिथे शेकडो वर्षांपासून वापरात आहेत. भिंतीत ठरावीक अंतराने आतून बाहेरपर्यंत आरपार जाणारे लांब दगड घालतात, म्हणजे दोन्ही थर एकजीव होतात. किल्लारीनंतर आपल्याकडेही तज्ज्ञांनी आरपार दगड आणि भिंतीभोवती पट्टा हेच उपाय सांगितले होते. किती गावांनी ते लक्षात ठेवले, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत पाहावे.

दुसरे दुखणे ओलीचे. खाली पूर्वी गोठा. वर्षानुवर्षे जनावरांच्या मुताचा क्षार जमिनीत आणि भिंतीत मुरलेला. गोठ्याची बैठकीची खोली केली आणि वर सिमेंटचा गुळगुळीत गिलावा मारला, की दोन वर्षांत लोणा लागून गिलावा फुगतो आणि पोपडे पडतात. सिमेंट ओल कोंडून धरते, चुना ओल बाहेर जाऊ देतो. म्हणून जुन्या दगडाला चुन्याचाच दर्जा, चुन्याचाच गिलावा. फरशीखाली खडीचा किंवा पोकळीचा थर देऊन हवा खेळती ठेवायची. घराच्या वरच्या अंगाला चर काढून डोंगराचे पाणी बाजूने वळवायचे. यात नवीन असे काही नाही. आपल्या वाड्यांना चुन्याच्या घाणीत मळलेला चुना होता, तोवर त्या भिंती श्वास घेत होत्या.

पाणी, वाट आणि वीज

घर टेकडीवर, देखावा सुंदर. पण पाणी कुठले? नळ आहे की विहीर? विहीर असेल तर ती आपल्या हद्दीत की शेजाऱ्याच्या? वाट सरकारी की कुणाच्या ऑलिव्हच्या मळ्यातून? वाटेचा हक्क खतात लिहिलेला असला तर ठीक. "पूर्वीपासून जातोय की" एवढ्यावर घर घेणाऱ्याची गाडी एक दिवस साखळीपाशी थांबते. मैलापाण्याची टाकी नियमाप्रमाणे आहे का, तेही पाहावे लागते. विजेची जोडणी घरगुती म्हणून साधारण ३ किलोवॉटची असते. भट्टी, कपड्यांचे यंत्र आणि पाण्याचा पंप एकदम चालू केले की अंधार. दुर्गम भागात गॅसची नळी पोचलेली नसते, म्हणून अंगणात टाकी बसवावी लागते किंवा लाकडाच्या शेगडीवर भागवावे लागते. आणि जाड दगडाचे घर उन्हाळ्यात गार असले तरी डिसेंबरात ते तापवायला किती सरपण लागते, हे मे महिन्यात घर बघायला येणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

परवानगी गावाची

घर माझे, पैसा माझा, मग मी वाटेल ते करीन, हे तिथे चालत नाही. २००१ च्या बांधकाम संहितेप्रमाणे कामाच्या आकारानुसार वेगवेगळ्या परवानग्या आहेत. आतल्या किरकोळ बदलाला नगरपालिकेला कळवणे पुरते. सांगाड्याला हात लावला तर तंत्रज्ञाच्या जबाबदारीवर वेगळे निवेदन लागते. मोठ्या फेरबांधणीला रीतसर परवाना लागतो. गवताच्या कोठीची राहती खोली करायची तर वापर बदलाची मंजुरी हवी. आपल्याकडच्या एन.ए.सारखीच भानगड.

त्यावर पुन्हा देखाव्याचा कायदा. १९८५ पासून, आणि पुढे २००४ च्या संहितेने, नदीकाठ, समुद्रकाठ, जंगल, उंच डोंगर आणि इतर संरक्षित पट्ट्यांत घराचे बाहेरचे रूप बदलायला वेगळी मंजुरी लागते. खिडकी मोठी करणे, कौलांचा प्रकार, भिंतीचा रंग, पोहण्याचा हौद, सगळ्यावर नजर असते. टस्कनीतले वाल दोर्चा खोरे २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, ते तिथल्या शेतकऱ्याने घडवलेल्या शिवाराच्या रूपामुळे. मातीशिवाय दगड रचून बांध घालण्याची कलाही २०१८ मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून नोंदवली, त्यात इटली आहे. परदेशी मालकाला हे नियम जाचक वाटतात. पण ज्या देखाव्यासाठी तो आला, तो याच नियमांनी टिकला आहे, हेही त्याने ध्यानात घ्यावे.

ठेकेदाराशी व्यवहार

तोंडी अंदाजावर काम देऊ नये, हे इथे जितके खरे तितकेच तिथे. जेओमेत्रा किंवा वास्तुविशारद कामाची बाबवार मोजणी करतो, त्यावर दोन-तीन ठेकेदारांकडून दर घ्यायचे. पैसे काम पुढे सरकेल तसे हप्त्याने द्यायचे. मजुरांचा विमा आणि वर्गणी ठेकेदाराने भरली असल्याचा दाखला मागायचा, नाहीतर अपघात झाला तर मालकही अडकतो. पायाभूत दोष निघाला तर बांधणारा १० वर्षे जबाबदार राहतो, असे दिवाणी कायदा सांगतो. दुरुस्तीच्या कामावर मूल्यवर्धित कर २२ ऐवजी साधारण १० टक्के बसतो. २०२० मध्ये सरकारने घरदुरुस्तीवर ११० टक्क्यांपर्यंत करसवलत दिली, तेव्हा एवढी कामे निघाली की गवंडी मिळेना आणि मालाचे भाव चढले. ती उदार सवलत पुढे आखडती घेण्यात आली. आणि ऑगस्टात काम होईल असे धरूच नये. १५ ऑगस्टचा त्यांचा सण धरून अवघा देश सुट्टीवर असतो.

घर उभे राहिले, गावाचे काय?

शेवटी मूळ प्रश्नाकडे येऊ. परक्याने घर उभे केले, भिंत वाचली, स्थानिक गवंड्याला, सुताराला काम मिळाले. हा फायदा खराच. पण घर घेतले म्हणून तिथे राहण्याचा हक्क मिळत नाही. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला परवान्याशिवाय १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. २०२१ पासून इंग्रजांनाही हाच नियम लागू झाला. म्हणजे वर्षातला निदान अर्धा काळ घराला कुलूप. शाळेत त्याचे मूल नाही, सोसायटीत त्याचा माल नाही. ऑलिव्हची झाडे वेळेवर छाटली नाहीत तर रान माजते. पुलियात २०१३ मध्ये झायलेला या जिवाणूचा रोग सापडला आणि पुढे त्याने लाखो ऑलिव्ह वाळवले. अशा वेळी झाडाजवळ रोज जाणारा माणूस लागतो, उन्हाळ्यात येणारा पाहुणा कामाचा नाही.

इटलीने यावर एक चांगली वाट काढली. शेतावर पाहुणे ठेवून जेवण-राहणे देण्याचा धंदा, ज्याला ते 'आग्रितुरिझ्मो' म्हणतात, १९८५ च्या आणि नंतर २००६ च्या कायद्याने फक्त शेती करणाऱ्यालाच करता येतो. शेती मुख्य आणि पाहुणचार जोडधंदा, ही अट आहे. नुसते घर घेऊन पाटी लावता येत नाही. महाराष्ट्राचेही कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. त्याचा लाभ शेतात राबणाऱ्याला मिळतो की माळावर बंगला बांधणाऱ्याला, यावर ग्रामपंचायतीने डोळा ठेवला पाहिजे.

गावोगाव फिरताना कुलूप लागलेले वाडे दिसतात. वारस पुण्या-मुंबईला, नोंद अजून आजोबांच्या नावावर, कौले सरकलेली. इटलीची घरे अशाच रीतीने परक्याच्या हाती गेली. तलाठी भाऊसाहेबांनी वारसनोंदी अडवू नयेत. ग्रामसेवकांनी नमुना ८ वरचे घर आणि जागेवरचे घर एकदा पडताळून घ्यावे. विकणाऱ्या शेतकऱ्याने वाटेचा आणि विहिरीचा हक्क खतात लिहून घ्यावा, आणि कायदा नसला तरी रीत म्हणून बांधकऱ्याला आधी विचारावे. ज्याला घर राखायचे आहे त्याने मातीच्या भिंतीवर स्लॅबचे ओझे टाकू नये. आणि आधी शिडी लावून सरकलेली कौले सारखी करावीत. पावसाळ्यापूर्वीचे एवढे एक काम केले, तरी वाड्याला दहा वर्षे मिळतात.